आक्काचं ते पांढरं खाणं

दुसऱ्या मोठ्या लढाईत मला लागलं ते गोळीनं न्हाई. आमच्याच फलटणीच्या खेचरानं पोटात लाथ घातली. दुसरे गडी छातीला बिल्ला लावून घरी आले, मी बेंबीच्या वर नालाचा वण घेऊन आलो. गावाकडं, निघोज्यात, पारावर कुणी इचारलं, "दुश्मन केवढा व्हता रं?" तर मला खरं सांगावं लागायचं, "माझ्या खांद्यायेवढा व्हता. आन त्याला रोज दाणा मीच घालायचो."

मी शाळेत गेलो ते एकदाच, मास्तरांची म्हैस सुटली व्हती ती हुडकायला. त्यामुळं भरतीच्या सायबानं इचारलं, लिवता येतं का, म्हणलं न्हाई. गाडी चालवता येती का, न्हाई. शेवटी त्यानं मला खेचरांच्या रांगंत नेऊन उभा केला. तिथं कुणी कुणाला काय इचारलं न्हाई, आमचं जमलं.

फिरत फिरत आमची तुकडी लेबनान नावाच्या मुलखात गेली. बैरूत म्हणून समिंदराकाठी शेहर हाय, त्याच्या वरच्या अंगाला डोंगर. आपल्या मावळासारखाच, पर दगड पांढरा आन थंडी अशी की नाक हाताला लागायचं न्हाई. तिथं नवी पोरं आली व्हती, त्यांना मी शिकवत व्हतो की बाबांनो, खेचराच्या मागनं कधी जाऊ नका. आन मागं म्हंजी नेमकं कुठं, ते दाखवायला मी सोता मागं जाऊन उभा राह्यलो. पोरं त्या दिवशी जे शिकली ते जल्मात इसरली नसतील.

रस्ता बर्फानं बंद व्हता. मोठ्या दवाखान्यात नेता येईना. मग शेजारच्या एका घराच्या पडवीत माझी खाट टाकली. त्या घरची बाई माझ्या आईच्या वयाची. तिचं बोलणं मला कळायचं न्हाई, माझं तिला कळायचं न्हाई. मी तिला आक्का म्हणायचो, ती मला काय म्हणायची ते देवाला ठावं, पर प्रेमानं म्हणायची. माझ्या पोटात पाणी टिकत नव्हतं. फलटणीच्या डाक्टरानं दूध दिलं, पडलं. लापशी दिली, पडली. मग त्या आक्कानं आपल्या हातानं कायतरी भरवलं. पांढरं व्हतं, आंबट व्हतं, वर हिरवं कायतरी व्हतं आन खाली कापडासारखी पातळ भाकर. ते राह्यलं. त्या खाण्यावर मी उठून बसलो.

उठून बसल्यावर मात्र मी तिच्या घरातलं काय सोडलं न्हाई. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून उकडायची, ते खाल्लं. चणे वाटून त्यात तीळ, लसूण, लिंबू घालायची, ते खाल्लं. मसुराच्या भातावर काळपट तळलेल्या कांद्याचा ढीग घालायची, ते तर इतकं खाल्लं की तिच्या घरच्यांनी खेचराला शोधून शिव्या दिल्या आसतील. ह्या समद्याची चव मला तोंडपाठ हाय. पर ते पहिलं पांढरं काय व्हतं, ते इचारलं तर मला सांगता यायचं न्हाई. मी तापात व्हतो. खेचराचे दात किती पिवळे व्हते ते मला आठवतंय, आन ज्यानं जीव वाचला ते आठवत न्हाई, आसं माझं डोस्कं.

लढाई सरली, मी परत आलो, लगीन झालं. पुढं पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहायला लागला तवा आमी निघोज्यातनं थेरगावात आलो. नदीकडच्या अंगाला दोन खोल्या, त्यात मी, माझी आई आन माझी मंडळी. कारखान्याच्या कॅन्टीनवर काम लागलं. हा गडी बाहेरचे देश बघून आलाय म्हणल्यावर मुकादमाला वाटलं ह्याला सैपाक येत आसंल. पहिल्या दिवशी मी आमटी केली. दुसऱ्या दिवसापासनं मी तपेली घासायला.

आमच्या घरात एकच गोष्ट नव्हती, लेकरू. मंडळीला दोनदा दिवस गेले आन दोन्ही टायमाला पोट दिसायच्या आतच गेलं. दुसऱ्या वेळंनंतर ती महिनाभर बोलली न्हाई. मी लई नकला केल्या, मुकादमाची, सायबाची, खेचराची. ती नुसती बघायची. मग एक दिवस म्हणाली, "खेचराची परत करा." तवा मला जरा बरं वाटलं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तवा आमी तिघांनी बी तोंडातनं शब्द काढला न्हाई. आई शेजारपाजारी सुद्धा बोलली न्हाई, आन माझ्या आईला शेजारी न बोलता राहणं म्हंजी उपासापरीस अवघड. पर ह्या टायमाला मंडळीला उलट्या अशा लागल्या की काय सांगू. भाकरीचा वास आला की उलटी. भाताचं झाकण काढलं की उलटी. मी कामावरनं आलो की उलटी, तर आई म्हणायची, "ही मातुर पोटाची न्हाई, ही तुझ्या अंगाच्या वासाची." उशाला एक पितळी तपेली कायम ठेवलेली. तिच्या हातातल्या बांगड्या मनगटावरनं सुटून कोपराकडं चढायला लागल्या.

सुईण बघून गेली. मग पिंपरीच्या दवाखान्यातली बाई बघून गेली. तिनं मला बाहेर बोलावलं आन म्हणाली, "गुढीपाडव्यापर्यंत बघा. पोटात काही टिकायला लागलं तर ठीक, नाहीतर पुण्याला दाखल करावं लागेल. मूल राहील की नाही सांगता येत नाही. आणि हिचीही ताकद संपत चाललीय."

मी आत आलो तर मंडळी भितीला टेकून बसली व्हती. तिला ऐकू गेलं व्हतं. आमच्या भिती कुडाच्या, त्यातनं शेजारच्यांची जांभई ऐकू यायची.

ती म्हणाली, "अवो, तुमी लाथ खाल्ली तवा तुमच्या बी पोटात काय टिकत नव्हतं न्हवं?"

"नव्हतं."

"मग कशानं टिकलं?"

"त्या आक्काच्या हातच्या खाण्यानं."

"मग मला ते पायजे."

"अगं पर ते काय व्हतं त्ये मला..."

तवर आई चुलीपासनं उठून आली. "डोहाळं हायेत ते! तोंडानं मागितलंय तिनं. आता आणायचं. डोहाळं पुरवलं न्हाईत तर पोराची लाळ गळती."

मी म्हणलं, "आये, माझी लहानपणी लई गळायची म्हणतीस."

"व्हय. तुझ्या वेळंला मी फणस मागितला व्हता. तुझा बाप म्हणाला, उद्या आणतो. आजून आणतोय."

आता फणस आणणं सोपं हो. कोकणातनं यायला टाइम लागतो पर येतो. मला आणायचं व्हतं लेबनानातनं, आन काय आणायचं तेच ठावं नव्हतं. पांढरं, आंबट, वर हिरवं. येवढ्यावर मी कामाला लागलो. कारण मला घरात हातावर हात ठेवून तिच्याकडं बघत बसणं जमत नव्हतं.

पहिल्यांदा मला वाटलं, ते वाटलेलं चण्याचं आसंल. ते बी पांढुरकंच दिसायचं. पिंपरी कॅम्पात सिंधी लोकांची दुकानं नवी नवी लागली व्हती, तिथनं मोठे काबुली चणे आणले. तीळ मागितले. दुकानदारानं इचारलं, "कौनसा?" मी म्हणलं, तीळ म्हंजी तीळ, द्या कंचं बी. त्यानं पुडी बांधली, मी सायकलला आडकवली आन घरी आलो. चणे शिजवले, आन त्या पुडीतले तीळ न बघताच पाट्यावर ओतले, वर लसूण, लिंबू. वरवंटा फिरवायला लागलो. बराच वेळ वाटल्यावर बघतो तर पाट्यावर समदं राखाडी. कारखान्याच्या बांधकामावर सिमिटाचा माल कालवायचे ना, थेट तसं. मी म्हणलं, पाण्यानं झालं आसंल.

आई जवळ आली, वाकून बघितलं, आन अशी किंचाळली की मंडळी तिकडं दचकून उठली.

"मुडद्या! काळं तीळ वाटलंस? पितराला वाहत्यात ते! पोटुशी बाई घरात आन तू तिला श्राद्धाचं जेवण घालतोस व्हय?"

"आये, मला रंग दिसला न्हाई..."

"तुला खेचर दिसलं न्हाई, तुला तीळ काय दिसणार!"

आतनं मंडळीचा हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. मी खूश झालो. पर त्या हसण्यानंच तिला उबळ आली आन तपेली जवळ करावी लागली. ती चटणी कुणाला द्यायची न्हाई, टाकायची न्हाई, कारण अन्न हाय, म्हून आईनं मलाच खायला घातली. दोन दिवस कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं न्हाई.

मंग मला वाटलं, पानाच्या गुंडाळ्या करू. त्या काय पांढऱ्या न्हाईत, पर आक्काच्या घरच्या तर हायेत, आन आंबट बी हायेत. एखाद्या टायमाला त्या मातीचाच गुण आसंल. द्राक्षाची पानं थेरगावात कुठनं यायची? पान मोठं पायजे, मऊ पायजे, गुंडाळता आलं पायजे. अळू! आपल्याकडं वड्या करत्यातच की. नदीकाठाला बघितलं तर फुकट, छत्रीयेवढी पानं डोलत व्हती. आता खायचा अळू वायला आन रानचं तेरं वायलं, हे कुठल्याबी बाईला झोपेत कळतं. मला जागेपणी कळलं न्हाई. आन खाज मारायला वर चिंच लावायची तर मी म्हणलं, आक्का चिंच लावत नव्हती, लिंबू पिळायची. तर लिंबू पिळायला मी शेवटाला ठेवलं, आन शेवटी इसरलो.

देवाची किरपा ही की आई म्हणाली, "आधी मी खाऊन बघती. तीळाचा परसंग इसरले न्हाई मी." तिनं एक गुंडाळी तोंडात टाकली. मी एक टाकली. मंग तिनं घसा धरला. मंग मी धरला. घशात जणू शंभर मुंग्या गोंधळ घालायल्यात. आई बोलायला बघती तर नुसती हवा. हातानंच तिनं मला शिव्या दिल्या. मंडळीनं भितीला धरून उठून आमाला दोघांना चिंच-गूळ चाखायला दिला. जिच्यासाठी सैपाक केला, तिलाच सैपाक्याची सेवा करावी लागली. आईचा आवाज दुसऱ्या दिवशी आला. शेजारची म्हातारी येऊन इचारून गेली, तुमच्याकडं सगळं ठीक हाय ना, म्हणं आवाज न्हाई.

पर पाडवा जवळ आला. त्या दिवसांत मंडळी उसाच्या रसाचा घोट घ्यायची, तो बी कधी राहायचा कधी न्हाई. बोलणं कमी झालं. मी समोर बसून खेचराची नक्कल केली तर म्हणाली, "नका. हसाया लागलं की ढवळतंय." म्हंजी माझ्याकडं जे एक औषध व्हतं ते बी बंद झालं. मी पुण्याला न्यायची तयारी करून ठेवली. तिचं लुगडं, वाटी, तांब्या, एका पिशवीत. ती पिशवी दाराजवळ टांगली, आन जाता-येता मला ती दिसायची.

पाडव्याला आमच्याकडं श्रीखंड व्हायचंच. का, तर माझ्या बहिणीचे मालक, आमचे दाजी, चाकणला कांद्याचा धंदा करायचे आन पाडव्याला आमच्याकडं जेवायला यायचे. ते सासुरवाडीला येत नव्हते, श्रीखंडाला येत व्हते. सासूचं तोंड बघायच्या आधी पातेलं बघायचे. आईनं आदल्या दिवशी दही फडक्यात बांधून आतल्या खोलीत खुंटीला टांगलं, खाली परात ठेवली. म्हणाली, "पुण्याला जायचं ते पाडवा करून जाऊ. सणाला घरातनं रिकाम्या तोंडानं कुणी जायचं न्हाई."

सकाळी मी गुढीची काठी धुतली, उभी केली. दाजी आले, पाठीवर कांद्याचं पोतं. बहीण आली नव्हती, लेकराला गोवर आला व्हता. दाजी पोतं टाकून आत बघत म्हणाले, "मामी, चक्का चांगला निथळला न्हवं?"

आई म्हणाली, "आधी पाणी प्या जावईबापू. चक्का कुठं पळून जात न्हाई."

मी मंडळीजवळ जाऊन बसलो. तिचा डोळा लागला व्हता. रात्रभर ती ओकत व्हती, मी तपेली धरत व्हतो. माझी बी मान कलंडली आन मी तिथंच भुईवर आडवा झालो, डोकं नेमकं खुंटीच्या खाली. परात आईनं धुवायला नेली व्हती वाटतं. कानात टपकन थेंब पडला. गार, आंबूस.

मी झोपेतच म्हणलं, "छप्पर गळतंय."

मंडळी जागी होऊन म्हणाली, "चैतात?"

दुसरा थेंब गालावर पडला. आन त्या गालाला जे आठवलं ते डोक्याला इतक्या वर्सात आठवलं नव्हतं. आक्काची पडवी. माझ्या खाटंच्या वर लाकडाची खुंटी, तिला पांढरं गाठोडं. त्यातनं माझ्या गालावर थेंब पडला व्हता, आन मला तापात वाटलं व्हतं छप्पर गळतंय, आता बर्फ बी आत येणार आन मी मरणार. मी आईच्या नावानं बोंब ठोकली व्हती. आक्का पळत आली, वर बघितलं, हसली, खाट बाजूला सरकवली. मंग गाठोडं सोडलं, त्यातलं पांढरं वाटीत काढलं, मीठ घातलं.

मी ताडकन उभा राह्यलो, ते डोकं खुंटीवर आपटलं.

"काय झालं?" मंडळी म्हणाली.

"तेच हाय," मी म्हणलं. "चक्का हाय गं तो. मिठाचा चक्का. टांगलाय की इथंच!"

तिनं वर बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. "तुमच्या डोक्यावर टांगलाय," म्हणाली, "म्हून दिसला न्हाई."

मी फडकं सोडलं. थोडा चक्का वाटीत, उरलेला ताटात, आन मीठ. थोडं न्हाई, मूठभर, कारण मला वाटलं पुन्हा इसरायला नको. न्हाणीजवळ सांडपाण्यावर पुदिना माजला व्हता, तो तोडून आणला. आन तेवढ्यात आई साखरंचा डबा घेऊन आत आली.

तिनं चक्का बघितला. बोटानं चाखला. साखरंचा डबा खाली ठेवला.

मी वाट बघत व्हतो की आता वरवंटा येतोय. बाहेरनं दाजी इचारत व्हते, "मामी, वेलदोडा मी सोलू का?"

आई हळू आवाजात म्हणाली, "हे ते हाय?"

"व्हय आये. हेच हाय. खुंटीवरनं थेंब पडला तवा..."

"थेंबाचं राहू दे. त्या बाईची भाकर कशी व्हती ते सांग. नीट आठव. पुन्हा तेरं नको."

"कापडासारखी. पातळ. उलट्या कढईसारखं लोखंड चुलीवर ठेवायची आन त्यावर हातानं पसरायची."

"म्हंजी मांडं," आई म्हणाली. "मेल्या, मांडंच की ते. येवढं सांगायला तू दहा वर्सं लावलीस!"

चुलीवर पुऱ्यांसाठी तेल तापत व्हतं. आईनं ते तेल दुसऱ्या भांड्यात काढलं, कढई पुसली आन चुलीवर पालथी घातली. मी आयुष्यात पहिल्यांदा आईला सणाच्या दिवशी पुऱ्या सोडून दुसरं कायतरी करताना बघत व्हतो. तिनं पुरणपोळीच्या कणकीसारखी सैल कणीक भिजवली, हातावर झुलवली, कढईच्या पाठीवर टाकली. पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला. तिसरा बसला.

दाजी दारात येऊन उभे राह्यले. पालथी कढई बघितली, पुऱ्या न्हाईत ते बघितलं, मंग ताटातला चक्का बघितला, त्यावर पुदिना. त्यांचं तोंड आसं झालं की वाटलं कांद्याचा भाव पडल्याची बातमी आली.

"मामी, ह्ये काय?"

"गप बसा जावईबापू," आई म्हणाली. माझ्या आईनं जावयाला गप बसा म्हणलेलं मी त्या एकदाच ऐकलं.

मंडळीच्या मांडीवर ताट ठेवलं. आईनं मांड्याचा तुकडा तोडला, त्यात चक्का घेतला, मधी बोटानं खळगा केला, त्यात करडईच्या तेलाचा थेंब सोडला. "त्या बाईनं तेल घातलं व्हतं का रं?"

"व्हतं. जैतुनाचं. आपल्याकडं मिळत न्हाई."

"मंग हेच जैतून." आन घास मंडळीच्या तोंडाजवळ नेला.

तिनं वास घेतला. तिनं तोंड उघडलं. चावलं. गिळलं. आई पितळी तपेली हातात धरून बसली. मी पायाशी. दाजी दारात, बिचारे उपाशी.

दुसरा घास. तिसरा. मंग ती थांबली, डोळे मिटले. आई तपेली पुढं करायला लागली.

मंडळीनं हात आडवा केला. "थांबा आत्याबाई."

आमी थांबलो. चुलीतलं लाकूड तडतडलं. बाहेर गुढीच्या गडूवर कावळा बसला, त्याला हाकलायला कुणी उठलं न्हाई. ऊन उंबऱ्यावरनं आत सरकलं. मला वाटलं आता, आता येतीय उबळ. तिनं डोळे उघडले आन एक ढेकर दिली.

दाजी म्हणाले, "हाय का आजून आत?"

"हाय," ती म्हणाली. आन मंग म्हणाली, "मीठ लई झालंय. पर आजून द्या."

आईनं ती पितळी तपेली उचलली, भितीशी नेली आन पालथी घातली. तिची पाठ आमच्याकडं व्हती आन ती पदर डोळ्याला लावत व्हती. मी म्हणलं, "आये, धूर झाला का?" तर म्हणाली, "व्हय, तुझ्या बापानं फणस आणला त्याचा धूर."

दारातली पिशवी मी संध्याकाळी सोडून ठेवली. दाजींना त्या दिवशी भाकर आन मिठाचा चक्का मिळाला. त्यांनी एक घास खाल्ला, मग कच्चा कांदा फोडला, मंग सरळ बसून ताट पुसून खाल्लं. म्हणाले, "राव, ह्ये काय वाईट न्हाई. पर पुढच्या पाडव्याला साखर घालून बघा, लई सुधरंल."

त्या दिवसानंतर आमच्या खुंटीला रोज गाठोडं. मंडळीला जसजसं टिकायला लागलं तसतशी तिची मागणी वाढली. "मंग तुमी उठून बसल्यावर काय खाल्लंत?" मी सांगायचो, आई करायची. मला भांड्याला हात लावायची बंदी. मी पाटावर बसून नुसतं चाखायचो आन सांगायचो, "आजून आंबट. आजून कांदा करपव." पांढरे तीळ घालून चण्याचं वाटण झालं, ह्या टायमाला पुडी आईनं सोता उघडून बघितली. मावळातला तांदूळ आन मसूर शिजवून वर दाजींच्या पोत्यातला कांदा काळपट तळून घातला, तर मंडळीनं पहिल्यांदा दुसरी वाढ मागितली. चाकणचा कांदा आक्काच्या कांद्यापरीस तिखट, डोळ्याला बी आन जिभंला बी, हे मी आजही सांगीन. आंबटपणासाठी पिंपरी कॅम्पातनं डाळिंबाचे वाळके दाणे आणायचो. पानाच्या गुंडाळ्या आईनं परसातल्या खऱ्या अळूच्या केल्या, चिंच लावून. मी म्हणलं, आक्का चिंच लावत नव्हती. आई म्हणाली, "तिच्याकडं तुझ्यासारखा लेक नव्हता."

भाद्रपद सरता सरता पोरगी झाली. चांगली ठणठणीत, बांगड्या चढवायला मनगट सापडंना आसली. आई तिचं तोंड पुसून बघायची, आन शेजारच्या म्हातारीला अभिमानानं सांगायची, "बघा, लाळ न्हाई. एक थेंब न्हाई." भितीतनं पहिल्यापासनं समदं ऐकलेल्या त्या म्हातारीनं मुद्दाम इचारलं, म्हंजी ह्या घरात कुणी पोटुशी व्हतं का?

दुसऱ्या वर्षी पाडव्याला आईनं दोन गाठोडी टांगली, एक साखरंचं दाजींसाठी आन एक मिठाचं. निवद दाखवून झाल्यावर मंडळीनं मिठाच्या चक्क्याचा एक घास मांड्यावर ठेवला आन तुळशीपाशी नेला. म्हणाली, "आक्काचा." आई हात जोडून उभी राह्यली. मला बी जरा भरून आलं, मी नाक ओढलं.

मंग मंडळीनं शेजारी दुसरा घास ठेवला.

मी इचारलं, "ह्यो कुणाचा? माझा का?"

"तुमचा कशाला?" ती म्हणाली. "त्यानं लाथ घातली नसती तर तुमाला कुणी आक्का भेटली आसती का?"

तवापासनं आमच्या घरात पाडव्याला दोन घास बाहेर जातात. पाहुणे इचारतात, पहिला त्या परदेशातल्या बाईचा, ते कळलं, दुसरा कुणाचा? आन लेकीसकट घरातली समदी माझ्या पोटाकडं बघत्यात.